जनुक परक्या पेशीत नेताना कोडॉन कसे निवडावेत

बेळगावच्या बाजारात कांदा मागा किंवा उळ्ळागड्डी, पिशवीत पडणारा जिन्नस एकच असतो. मात्र विक्रेत्याच्या कानाला रुळलेला शब्द वापरला की व्यवहार लवकर उरकतो. वर्गात कोडॉनचा विषय मी याच उदाहरणाने सुरू करतो. कोडॉन म्हणजे जनुकातील ए, टी, जी, सी यांपैकी तीन अक्षरांचा शब्द; प्रथिनात कोणते अमिनो आम्ल जोडायचे ते तो सांगतो. २० अमिनो आम्लांसाठी असे ६१ कोडॉन आहेत. ल्युसीन, सेरीन व आर्जिनीन यांना प्रत्येकी ६, तर मेथिओनीन आणि ट्रिप्टोफॅन यांना एकेकच. त्यांपैकी कोणता किती वापरायचा ही प्रत्येक सजीवाची स्वतःची सवय असून ती पेशीतील टीआरएनएच्या (कोडॉननुसार अमिनो आम्ल आणून देणाऱ्या रेणूंच्या) साठ्याशी बरीचशी जुळते.

म्हणून प्रथिन कोणत्या पेशीत बनवायचे, हे आधी ठरवावे. ई. कोलाय या जिवाणूसाठी कोडॉनच्या वापराची सारणी घेताना संपूर्ण जीनोमची सरासरी न घेता भरपूर प्रथिन देणाऱ्या जनुकांची घ्यावी. १९८७ मध्ये मांडलेला कोडॉन अनुकूलन निर्देशांक (जनुकाचे कोडॉन अशा सारणीशी किती जुळतात याचे माप) याच तत्त्वावर उभा आहे. आमच्या निपाणीकडे पिकणाऱ्या तंबाखूच्या हरितलवकात जनुक घालायचे असेल, तर तिथे तिसऱ्या जागी ए किंवा टी असलेल्या कोडॉनकडे कल असतो, त्यामुळे ई. कोलायची सारणी तिथे चालणार नाही.

त्यानंतर दुर्मिळ कोडॉन शोधावेत. मानवी जनुकात एजीए आणि एजीजी हे आर्जिनीनचे नित्याचे कोडॉन आहेत, पण ई. कोलायमध्ये त्यांचे टीआरएनए तुटपुंजे असतात. एजीजी-एजीजी अशी जोडी लागोपाठ आली तर प्रथिन जोडणारा रायबोसोम अडखळतो, कधी वाचनचौकटच (तीन-तीन अक्षरांची गटवारी) सरकते. शिवाय ही सहा अक्षरे रायबोसोमला बसण्याची जागा दाखवणाऱ्या खुणेसारखीच दिसतात. ही जोडी सीजीटी-सीजीटी अशी बदलली तरी अमिनो आम्ले तीच राहतात. जनुक नव्याने बनवून घेणे शक्य नसेल, तर दुर्मिळ टीआरएनए पुरवणारा ई. कोलायचा रोझेटासारखा वाण वापरावा.

सर्वाधिक लक्ष आरंभीच्या सुमारे १५ कोडॉनवर द्यावे. २००९ मध्ये हिरव्या चमकत्या प्रथिनाची १५४ समानार्थी रूपे ई. कोलायमध्ये तपासली गेली, तेव्हा उत्पादनातला फरक कोडॉनच्या पसंतीपेक्षा आरंभाजवळ एमआरएनएची (जनुकावरून बनणाऱ्या संदेशाची) घडी किती घट्ट बसते यावर अधिक अवलंबून असल्याचे दिसले. त्यामुळे तिथे घडी सैल ठेवणारे, ए-टी अधिक असलेले पर्याय मी निवडतो, मग ते सारणीत पहिले नसले तरी चालतात.

प्रत्येक जागी सर्वांत लोकप्रिय कोडॉन बसवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण काही ठिकाणचा संथ वेग प्रथिनाला नीट घडी घेण्यास वेळ देतो आणि तो घालवला तर प्रथिन भरपूर बनूनही अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात साचू शकते.

शेवटी मूळ आणि बदललेले जनुक एकाच दिवशी, एकाच तापमानाला वाढवून प्रथिनाबरोबर एमआरएनएही मोजावा. कोडॉनची निवड एमआरएनएच्या आयुष्यावरही परिणाम करते, आणि केवळ जेलवरील प्रथिनाची पट्टी पाहून उणीव भाषांतरात (संदेशावरून प्रथिन बनण्यात) आहे की संदेशच लवकर नष्ट होतो आहे, हे ओळखता येत नाही.