बुलियन घनातला संच मेट्रिकली रेग्युलर आहे का, हे असं तपासा

एखाद्या संचापासून सर्वांत लांबचे बिंदू काढले, त्यांच्यापासून पुन्हा सर्वांत लांबचे काढले आणि मूळ संचच परत आला, तर तो मेट्रिकली रेग्युलर. सोलापुरात पॉवरलूमच्या जकार्डचे, म्हणजे विणीची नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे नवे नाहीत. तसल्याच जाड पुठ्ठ्याचे आठ सारखे तुकडे करा आणि प्रत्येकावर तीन जागा आखून 000 ते 111 सगळे नमुने पाडा. भोक म्हणजे 1, कोरी जागा म्हणजे 0. हा झाला तीन मितींचा बुलियन घन, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे त्याचा एक बिंदू. प्रत्येक तुकड्याचा डावा वरचा कोपरा आधीच कापा, कारण तुकडा उलटा पडला की 001 चा 100 होतो. दोन तुकडे एकमेकांवर ठेवल्यावर जितक्या जागी फरक दिसतो, तेवढं त्यांच्यातलं हॅमिंग अंतर.

आता 000 आणि 011 हा संच घ्या. उरलेल्या प्रत्येक तुकड्यापासून संचातला सर्वांत जवळचा तुकडा किती अंतरावर आहे ते लिहा. 001, 010, 100, 111 यांना 1 येतो. 101 आणि 110 यांना 2. सर्वांत मोठा आकडा 2, ही आच्छादन त्रिज्या. तेवढ्या अंतरावरचे 101 आणि 110 हा नवा संच. आता त्याच्यापासून तसंच मोजा: 2 वर फक्त 000 आणि 011 येतात. मूळ संच जसाच्या तसा परत आला, म्हणून तो मेट्रिकली रेग्युलर.

000, 001, 010 घेतले तर बिघडतं. 2 वर एकटा 111 उरतो आणि 111 पासून सर्वांत लांब एकटा 000, तोही 3 वर. 001 आणि 010 गळाले. इथे बरेच जण 111 चं अंतर 000 पासून मोजून 3 लिहितात. मोजायचं असतं ते जवळच्याच बिंदूपासून.

संच रेग्युलर नसला तरी क्रिया चालू ठेवा. त्रिज्या कधीच कमी होत नाही, आणि लागोपाठच्या दोन संचांची त्रिज्या सारखी आली की त्यातला दुसरा संच नक्की रेग्युलर असतो. पहिल्याची खात्री मात्र नाही. त्यासाठी संचच ताडून पाहा.

मिती वाढल्या की प्रोग्राम लिहा. संचातले सगळे बिंदू एकदम रांगेत टाकून ब्रेड्थ-फर्स्ट सर्च (आधी 1 अंतरावरचे, मग 2 वरचे, असं थराथराने शोधणं) चालवा, शेजारी काढायला एक-एक बिट उलटा करा. 20 मितींत 10,48,576 बिंदू होतात. प्रत्येकाला एक बाइट दिला तर एक एमबी पुरतो. चाचणीला 16 मितींचा घन उत्तम: चार चलांच्या फंक्शनची 16 उत्तरं (0 किंवा 1) ओळीने लिहिली की त्याचा एक बिंदू होतो. त्यातली 32 अफाइन फंक्शन्स (फक्त काही चलांची आणि स्थिरांकाची मोड्युलो 2 बेरीज) द्या, त्रिज्या 6 आणि बरोबर 896 बेंट फंक्शन्स (अफाइन फंक्शन्सपासून सर्वांत लांबची) आली पाहिजेत. परत फिरल्यावर तीच 32.

संच जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो? रेग्युलर संचातल्या कुठल्याही बिंदूपासून समोरच्या संचाकडे (त्याच्यापासून सर्वांत लांबच्या बिंदूंकडे) एक पाऊल टाकलं, म्हणजे एक बिट उलटा केला, की अंतर एकने घटतं, म्हणजे आपण संचाबाहेर पडतो. म्हणून बाहेरचे बिंदू मिळून 1 त्रिज्येचा आच्छादक कोड, म्हणजे घनातला प्रत्येक बिंदू ज्यात आहे किंवा ज्यापासून एकाच पावलावर आहे असा संच, बनवतातच. असा सर्वांत लहान कोड घेतला की त्याच्याबाहेरचे सगळे बिंदू हाच सर्वांत मोठा रेग्युलर संच. 3 मितींत कोड 2 चा, संच 6 चा. 4 मितींत 12, 5 मितींत 25, 6 मितींत 52. 7 मितींत 16 शब्दांचा (म्हणजे बिंदूंचा) हॅमिंग कोड लागतो आणि 128 मधून 112 उरतात. प्रोग्रामने 7 मितींत 113 चा संच रेग्युलर ठरवला, तर चूक प्रोग्रामात आहे.