रेल्वे मासिकाच्या फोटोओळी तपासायच्या कशा

हौशी रेल्वे मासिकांत हल्ली ज्या चुका दिसतात, त्यातल्या बहुतेक फोटोओळींत असतात. लेख निदान दोघं तरी वाचतात. फोटोओळ मात्र पान लावून झाल्यावर, उरल्या जागेत, आठवणीवर विसंबून लिहिली जाते. त्यामुळे पान लावायच्या आधीच ओळी तपासून घ्या.

पहिल्यांदा मूळ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांबीला बहुधा १६०० पिक्सेल भरतो. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचा तर तो साडेतेरा सेंटिमीटरला संपला. त्यापुढे ताणलात की इंजिनाचा नंबर पुसट होणार, आणि आपल्याला तर तोच वाचायचाय. शिवाय फोटो काढल्याची तारीखही त्यातून निघून गेलेली असते. स्कॅन असेल तर फाइलवरची तारीख स्कॅन केल्या दिवसाची, हे विसरू नका.

जुन्या स्लाइड स्कॅन करताना हमखास उलट्या पडतात, आरशातल्यासारखं डावं-उजवं बदलतं. पाटी किंवा नंबर दिसत नसेल तर गाडी कोणत्या रुळावर आहे ते बघा. दुहेरी मार्गावर आपल्या गाड्या डावीकडून धावतात. कुर्ल्यासारख्या जास्त मार्गिकांच्या ठिकाणी मात्र ही खूण चालत नाही.

आता साल. मुंबईत ते पकडायला ओव्हरहेड वायरमधली वीज फार उपयोगी पडते, कारण कोणतं इंजिन चालणार ते तिच्यावर ठरतं. १५०० व्होल्ट डीसी वीज जाऊन एसी आली ती पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये, हार्बरवर २०१६ मध्ये. त्यामुळे फक्त डीसीवर चालणारं डब्ल्यूसीएम वर्गाचं इंजिन गाडी ओढतंय आणि खाली 'कल्याण, २०१७' लिहिलंय, तर साल चुकलंय. पण हाच न्याय डब्ल्यूसीएएम-३ ला लावू नका. 'सी' म्हणजे डीसी, 'सीए' म्हणजे डीसी आणि एसी दोन्ही. एका 'ए'साठी बरोबर ओळ खोडली जाते.

गाडीचा क्रमांक उजेडाशी ताडून पाहा. डेक्कन क्वीन संध्याकाळी मुंबईहून सुटते ती १२१२३, सकाळी पुण्याहून निघते ती १२१२४. ठाकुर्लीला सकाळचं कोवळं ऊन आणि ओळीत १२१२३, हे जमणार नाही. डिसेंबर २०१० पूर्वीच्या काही वर्षांतला फोटो असेल तर क्रमांक चारच आकडी हवा, म्हणजे २१२३ किंवा २१२४.

नावं त्या काळची ठेवा, आजचं नाव हवंच तर एकदा कंसात द्या. प्रभादेवी जुलै २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. मध्य आणि पश्चिम रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ च्या. चर्चगेटच्या १९४८ मधल्या फोटोखाली 'पश्चिम रेल्वे' लिहिलं तर वाचक पत्र पाठवणारच. १६ एप्रिल १८५३ ची गाडी बोरीबंदरहून सुटली. तिच्या लेखाला व्हीटीच्या इमारतीचा फोटो लावायचा मोह आवरा, ती इमारत त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी उभी राहिली.

दादरला फार जपा. डिसेंबर २०२३ पर्यंत तिथे फलाट ४ दोन होते, एक पश्चिमचा, एक मध्यचा. आता पश्चिमचे १ ते ७ तसेच आहेत आणि मध्यचे ८ ते १४ झालेत. जुन्या फोटोखाली नुसतं 'दादर, फलाट ४' छापलं तर वाचकाला काहीच कळत नाही, सोबत रेल्वेचं नाव हवं.

मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लावत असाल तर शेवटच्या प्रूफात WCM, WCAM-3 असे रोमन अक्षरांत लिहिलेले इंजिनांचे वर्ग पुन्हा वाचा. सगळ्या परिच्छेदाला एकदम मराठी फॉन्ट लावला की रोमन अक्षरांच्या जागी भलतीच देवनागरी अक्षरं उमटतात, आणि घाईत ती कुणाच्या नजरेला येत नाहीत.

हे सगळं झालं की ओळी झाकून फोटो दुसऱ्याच्या हातात द्या. दिसतं ते त्याने मोठ्याने सांगायचं, तुम्ही ओळीशी ताडायचं. दोघांचं जुळलं नाही तर फोटो पाठवणाऱ्याला फोन करा. त्यालाही नक्की सांगता येत नसेल तर साल गाळा आणि स्टेशनाचं नाव तेवढं छापा.