पायसाइड ॲप बंद केलं की नोंदी गायब: माझा अनुभव

पायसाइड ६ (पायथनमध्ये खिडक्या-बटणांची ॲप्स बनवायची लायब्ररी) शिकायचं म्हणून सांगलीच्या मार्केट यार्डातल्या काकांच्या अडतीसाठी हळदीची पोती नोंदवणारं छोटं ॲप केलं. पायथनमधून चालवलं की ठीक. पायइन्स्टॉलरच्या (पायथन प्रोग्रॅमची एक्झी बनवणारं साधन) वनफाइल पर्यायाने, म्हणजे सगळं एकाच फाइलीत भरून, एक्झी केली की बंद करताच नोंदी गायब. कमिट (नोंद डेटाबेसमध्ये पक्की करणं) तपासलं, ॲडमिन म्हणून चालवलं. दोन रात्री डोकं पिकलं.

वनफाइल एक्झी दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात उलगडते आणि बंद होताना तो पुसून टाकते. नोंदींची माझी एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइल कोडशेजारी, म्हणजे त्यातच!

क्रम हाच ठेवा: आधी सेटॲप्लिकेशननेमने ॲपला नाव. मग क्यूस्टँडर्डपाथ्सच्या रायटेबललोकेशनकडून ॲपडेटालोकेशनचा, म्हणजे ॲपचा डेटा कायम ठेवायच्या फोल्डरचा, पत्ता. तो फोल्डर आपोआप बनत नाही (इथे मी परत अडकलो), म्हणून क्यूडिरच्या एमकेपाथने तो बनवा. त्यानंतरच तिथल्या डेटाबेस फाइलला कनेक्ट. एक्झी नव्याने बनवली. काकांची कालची पोती आज दिसली.