मृगाआधी टिलरला दोन दिवस द्या

रोहिणी नक्षत्र लागलं की बियाणं खाली येतं. मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे वर काढायला घरातलं कुणीतरी बसतंच. पडवीतल्या पॉवर टिलरवरची ताडपत्री मात्र चिखलणीच्या, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करण्याच्या, आदल्या दिवशी उठते. मग हँडल मारून मारून खांदा भरून येतो, मिस्त्रीला फोन जातो आणि तो सांगतो, "तुमच्या आधी अकरा जण आहेत."

त्याचं चुकत नाही. सगळ्या वाडीचे टिलर एकाच आठवड्यात आजारी पडतात. यातली निम्मीअधिक दुखणी घरच्या घरी, पाना आणि फडक्याच्या जोरावर, मे महिन्याच्या शेवटी दोन दिवसांत निघतात. पुढचं सगळं भातखाचरात चालणाऱ्या १२-१३ हॉर्सपॉवरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या एका सिलिंडरच्या डिझेल टिलरबद्दल आहे. पेट्रोलवरच्या, तण काढायच्या छोट्या वीडरला प्लग आणि कार्ब्युरेटर असतो, त्याचं तंत्र निराळं.

सुरुवात डिझेलपासून. गेल्या हंगामातलं उरलेलं डिझेल टाकीत तसंच असेल तर ते काढा. कोकणातली दमट हवा अर्ध्या रिकाम्या टाकीत शिरते, आतल्या पत्र्यावर तिचं पाणी सुटतं आणि ते जड असल्याने तळाशी बसतं. काढलेलं डिझेल काचेच्या बाटलीत भरून पंधरा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. ते पंपात आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये गेलं की गंज धरतो, आणि तो खर्च बेल्ट-ऑइलसारखा किरकोळ नसतो. डिझेल फिल्टर धुऊन पुन्हा बसवायचा मोह टाळा, नवा घाला.

टाकीच्या टोपणाला एक बारीक भोक असतं, तेही तारेने साफ करा. एका वर्षी मी या भोकापायी दोन दिवस घालवले. टिलर सुरू व्हायचा, दहा मिनिटं झकास चालायचा आणि खाचराच्या मध्यावर जाऊन धापा टाकत बंद पडायचा. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. फिल्टर बदलला, डिझेलच्या पाइपातली एअर काढली, शेजाऱ्याने नोझलवर संशय घेतला. शेवटी मिस्त्रीने फोनवरच विचारलं, "टोपण सैल करून चालवून बघितलंत का?" सैल केलं, आणि संध्याकाळपर्यंत टिलर थांबला नाही. चिखलाने भोक बुजलं होतं. हवा आत येत नव्हती, त्यामुळे डिझेल खाली उतरत नव्हतं. तेव्हापासून टिलर चालता चालता बंद पडला की माझा हात आधी टोपणाकडे जातो.

फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली की इंजिन एअर धरतं, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा अडकते. मग हँडल कितीही मारा, चालू होणार नाही. टाकी भरा, कॉक उघडा. आधी फिल्टरवरचा एअरचा बोल्ट सैल करा. बुडबुडे यायचे थांबून डिझेलची सलग धार लागली की तो आवळा. मग पंपाजवळचा बोल्ट, तसाच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या बारीक पाइपची नट अर्धा आटा सैल करून, इंजिनातला दाब सोडणारी डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल फिरवा. तिथून डिझेल उडायला लागलं की नट घट्ट करा. या वेळी नोझलसमोर किंवा त्या पाइपाजवळ बोट धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतलं मांस सडू शकतं. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

हँडल मारण्याबद्दलही सांगतो, कारण दरवर्षी कुणाचा तरी अंगठा सुजलेला दिसतो. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याला विळखा घालू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मूठ आपोआप सुटते.

इंजिन ऑइल पुस्तिकेत दिलेल्या तासांनी बदलायचं, बहुतेक टिलरना ते साधारण १०० तास असतं. तास मोजायला मीटर नसतो, म्हणून आमच्याकडे पडवीच्या खांबावर खडूच्या रेघा असतात. सकाळचं काम एक रेघ, दुपारचं दुसरी. ऑइल बघताना टिलर सपाट जागी उभा हवा, कलता ठेवलात तर ऑइल मोजायची काडी खोटं बोलते. गिअरबॉक्सचं आणि रोटरीच्या, म्हणजे मागच्या फिरत्या पात्यांच्या, बाजूच्या पेटीचं ९० नंबरचं ऑइलही उघडून बघा. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, ऑइल अडवणारं रबरी सील बदलावं लागेल.

एअर क्लीनर ऑइलच्या डब्याचा असेल तर तो खोलून रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, तळाचा गाळ खरवडा, आणि इंजिनाचंच ताजं ऑइल खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर नको. जास्त भरलं की इंजिन ते ओढून घेतं, निळा धूर येतो आणि कधीकधी रेस आपली आपण चढत जाते.

बेल्ट बघायला अंगठा पुरतो. दोन पुलींच्या मधोमध दाबल्यावर साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला तर ठीक. जास्त दबला तर चिखलात तो घसरणार, जळका वास येणार आणि तुम्ही क्लचला दोष देणार. तीन बेल्टपैकी एकच तुटला तरी तिन्ही बदला. जुन्यांच्या जोडीला एक नवा घातला की सगळा भार त्याच्यावर येतो. पावसाळा संपल्यावर बेल्ट सैल करून ठेवला नसेल किंवा पडवीत उंदीर असतील, तर बेल्ट उलटून भेगा आणि कुरतडल्याच्या खुणा बघा.

आता रोटरी. घरच्या माणसाने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथे. इंजिन बंद करून, टिलर हलणार नाही असा टेकू देऊन, हातमोजे घालून बसा. पाती झिजून टोकाला तलवारीसारखी पातळ झाली असतील तर बदला. झिजलेल्या पात्यांवर चिखलणी उथळ होते आणि डिझेल मात्र तेवढंच जळतं. पाती डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची असतात. सगळी एकदम काढून ढीग घातलात तर बसवताना घोळ होणारच. आधी मोबाइलवर फोटो काढा आणि एक पात काढून तिच्याच जागी दुसरी बसवा. एक जरी उलटी बसली तरी टिलर थडथडतो, एका बाजूला ओढतो आणि टिलर धरणाऱ्याची मनगटं रात्रभर ठणकतात. नव्या पात्यांचे बोल्ट पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा आवळा.

त्याच बैठकीत रोटरीच्या दांड्याची दोन्ही टोकं विळ्याच्या टोकाने साफ करा. मला तिथे काय काय सापडलंय: सुंभ, गवताचे वेल, खताच्या पिशवीचे धागे, एकदा मासे धरायच्या जाळ्याचा हातभर तुकडा. नायलॉनचा धागा सर्वांत वाईट. तो गुंडाळत गुंडाळत सीलच्या ओठाखाली शिरतो, सील फाटतं, ऑइल बाहेर आणि चिखल आत. तो दुधाळ चहा येतो तो इथूनच. चिखलणीच्या दिवसांत ही सफाई रोज संध्याकाळी करा, पाच मिनिटं लागतात. हात कापला असेल तर त्या हाताने चिखलात काम करू नका. लावणीच्या काळात सिंधुदुर्गात लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या मुतातून चिखलात येणाऱ्या तापाचे, रुग्ण आढळतात. ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर काढू नका.

धूर बघून बरंच कळतं. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. एअर क्लीनर बघा, गिअर खाली घ्या. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंड इंजिनाला थोडा वेळ येतोच, पण गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेलात पाणी किंवा नोझल खराब. इंजिन तापत असेल तर आधी रेडिएटरची जाळी बघा, चिखल आणि पेंढा तिथे सारवल्यासारखा बसतो. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनावर पाटाचं पाणी ओतू नका. पंप आणि नोझलचा दाब ही कामं मिस्त्रीचीच. तिथे पाना लावलात तर बिल वाढतं.

कड्याकपाऱ्यांतून टिलर नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण नवखा माणूस इथेच फसतो. सपाटीवर डाव्या हाताचा स्टिअरिंग क्लच दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते आणि टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतारावर तोच क्लच दाबलात तर डावं चाक मोकळं सुटून पुढे पळतं आणि टिलर उजवीकडे जातो. उतारावर खालचा गिअर घाला, क्लचला हात न लावता दांड्याने ढकलून वळवा, न्यूट्रल अजिबात करू नका. आणि रोटरी फिरत असताना टिलर मागे घेऊ नका. मागे तुमचेच पाय असतात.

खाचरावर जाताना पत्र्याच्या डब्यात एवढं असू द्या: बेल्टचा एक संच, पात्यांचे चार बोल्ट, डिझेल फिल्टर, डिझेलच्या पाइपाचे तांब्याचे वॉशर, एक तारेचा तुकडा, आणि तुमच्या टिलरला लागणारे पाने. पाने आधी घरी लावून बघा. माझ्या डब्यात तीन वर्षं सोळाचा पाना होता आणि बोल्ट सगळे सतराचे.