नेटवर्क मार्केटिंगमध्ये बोलायला शिकायचं असेल तर पहिल्या फोनपासून सुरुवात करा

नेटवर्क मार्केटिंगमध्ये, म्हणजे कंपनीचा माल ओळखीच्यांना स्वतः विकायचा आणि विकणारी माणसंही जोडायची या धंद्यात, नव्याने आलेल्या माणसाला संवादकौशल्याच्या नावाखाली जे शिकवलं जातं, ते मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी धंदा तर होत नाहीच, वर माणसंही तुटतात. म्हणून हे लिहिते आहे.

कंपनी निवडून झाली, ओळखपत्र हातात आलं आणि वस्तू तुम्ही स्वतः घरात वापरून पाहिल्या, हे धरून चालते. एक तपासणी राहिली असेल तर ती मात्र आजच करा. सामील होण्यासाठी फी मागितली असेल, किंवा मिळणारे पैसे माल खपण्यावर नव्हे तर माणसं जोडण्यावर ठरत असतील, तर तिथून बाहेर पडा. अशा ठिकाणी चांगलं बोलता येणं म्हणजे जास्त लोकांचं नुकसान करता येणं. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड योजनांना, म्हणजे मुख्यतः माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांना, मनाई केली आहे, आणि नवे सभासद जोडून झटपट पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे.

यादी

शंभर नावं काढू नका. ही वस्तू खरोखर कोणाच्या उपयोगाची आहे एवढंच स्वतःला विचारा. वीसएक नावं निघतील, तेवढी पुरेत.

पहिला फोन

खरी अडचण इथे आहे, आणि चुकीचे सल्लेही सगळ्यात जास्त इथेच मिळतात. जवळजवळ प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात की फोनवर काही उघड करायचं नाही, उत्सुकता जागी करायची. ‘एक मस्त संधी आहे, फोनवर सांगण्यासारखं नाही, रविवारी ये, भेटून बोलू.’ समोरचा येतो. त्याला वाटलेलं असतं की नोकरीचं काही असेल, किंवा तुमच्या घरी काही अडचण असेल. हॉलमध्ये पाय ठेवल्यावर त्याला कळतं की हा प्लॅन, म्हणजे माल विकून आणि माणसं जोडून कमाई कशी होते ते, दाखवण्याचा कार्यक्रम आहे. त्या क्षणापासून तुमचं पुढचं प्रत्येक वाक्य तो संशयाने ऐकतो. तुमची वस्तू कितीही चांगली असो, तिच्याबद्दल ऐकून घ्यायला त्याचं मन आता तयार नसतं. शिवाय गोष्ट एका माणसावर थांबत नाही. मावसबहिणीने खोटं सांगून मीटिंगला नेलं ही बातमी पुढच्या लग्नाच्या मांडवात सगळ्यांना ठाऊक असते, आणि तुमच्या यादीतली अर्धी माणसं त्याच मांडवात जेवत असतात.

मलाही हा फोन जमायला फार वेळ लागला. ‘नेटवर्क मार्केटिंग’ हे शब्द उच्चारले की माणूस फोन ठेवेल, ही भीती जात नव्हती. ती अगदीच खोटी नाही, काही जण ठेवतातच. पण जे ठेवतात ते मीटिंगला येऊनही नकारच देणार असतात. आधी नाव सांगितलं तर तो नकार अर्ध्या मिनिटात मिळतो आणि नातं शाबूत राहतं. पुढे कधी त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलात तर ते तुमच्या पिशवीकडे बघत बसत नाहीत.

मी आता ओळखीच्या काकूंना फोन करते तेव्हा साधारण असं बोलते: ‘काकू, मी घरातल्या साफसफाईच्या वस्तू विकते. नेटवर्क मार्केटिंगच्या कंपनीच्या आहेत.’ इथे कंपनीचं नाव सांगते. ‘शनिवारी सकाळी तुमच्याकडे दाखवायला येऊ का? दहा-पंधरा मिनिटं लागतील. नको असेल तर आत्ताच सांगा, मला अजिबात वाईट वाटणार नाही.’

एवढंच. मी कोण, कंपनी कोणती, वस्तू काय आणि फोन कशासाठी, हे सगळं त्यात येतं. हा केवळ माझा आग्रह नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे विक्रीचं बोलणं सुरू करतानाच, समोरच्याने विचारायची वाट न पाहता, या गोष्टी खऱ्या आणि स्पष्ट सांगणं डायरेक्ट सेलरवर, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या विकणाऱ्यावर, बंधनकारक आहे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जाताही येत नाही. ‘फोनवर काही सांगू नका’ असं शिकवणारा लीडर, म्हणजे साखळीतला तुमच्या वरचा माणूस, तुम्हाला नियम मोडायला शिकवतो आहे, हे त्याला नम्रपणे पण तोंडावर सांगा.

वाक्य संपलं की थांबा. नव्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. दोन सेकंदांची शांतता सहन होत नाही आणि तो ‘म्हणजे घ्यायलाच पाहिजे असं नाही हं, पण प्रॉडक्ट एवढं भारी आहे की’ असं काहीतरी जोडू लागतो. जोडू नका. काकूंना विचार करू द्या. त्या नको म्हणाल्या तर ‘बरं काकू, काही हरकत नाही’ म्हणा आणि का नको ते विचारू नका. कारण विचारलं की त्यांना काहीतरी सबब शोधावी लागते, तुम्हाला ती खोडावीशी वाटते, आणि सरळ मिळालेल्या नकाराचं भांडण होतं.

या वाक्याचा सराव मोठ्याने करायचा. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. बहुतेकांचा आवाज ‘नेटवर्क मार्केटिंग’ या शब्दांवर येऊन खाली जातो आणि तेवढेच शब्द भराभर उरकले जातात. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. ते शब्द बाकीच्या वाक्याइतक्याच आवाजात, तेवढ्याच संथपणे येईपर्यंत पुन्हा म्हणा. घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या खोलीत बसवून खरोखरचा फोन लावा. समोर चेहरा असला की आपण हसून वेळ मारून नेतो, फोनवर तसं करता येत नाही.

अजून एक गोष्ट मी कधीही सोडत नाही. ग्राहक आणि जोडीदार (तुमच्याबरोबर विकायला येणारा) ही दोन निमंत्रणं एकाच फोनमध्ये द्यायची नाहीत. वस्तू दाखवायला गेलात तर वस्तूच दाखवा. जोडीदार म्हणून कोणाला विचारायचं असेल तर तो फोन वेगळा: ‘अगं, मी एका नेटवर्क मार्केटिंग कंपनीचं काम करते. माल विकायचा असतो आणि विकणारी माणसं तयार करायची असतात. तुला विक्रीचं काम आवडतं म्हणून तुझं नाव डोक्यात आलं. ऐकायचं असेल तर बुधवारी घरी ये, तासभर लागेल.’ साबण बघायला बोलावून कागदावर गोल काढून माणसं जोडण्याची साखळी दाखवणं बंद करा.

वस्तू दाखवताना

आधी विचारा: सध्या काय वापरता, आणि त्यात काय पटत नाही? उत्तर वहीत लिहून घ्या. मग त्यांच्याच मोरीत, त्यांच्याच करपलेल्या पातेल्यावर दाखवा.

जादूचे प्रयोग करू नका. आयोडीनच्या लालसर पाण्यात गोळी विरघळवायची, रंग गेला की ‘बघा, शरीरातली घाण अशी निघते’ म्हणायचं, हा प्रयोग मी सहन करू शकत नाही. क जीवनसत्त्वाने आयोडीनचा रंग जातो. भरपूर लिंबू पिळलं तरी जातो. त्यातून शरीराबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आरोग्याच्या वस्तूंबाबत तोंड विशेष सांभाळा. फूड सप्लिमेंटच्या डब्यावर ते औषधी वापरासाठी नसल्याची सूचना छापलेली असते, ती ग्राहकाला स्वतः वाचून दाखवा. मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो असं सांगणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, आणि त्या कायद्यातल्या ‘जाहिराती’च्या व्याख्येत तोंडी घोषणाही येते. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा असं तर कोणालाही, कधीही म्हणू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

‘महाग आहे’ म्हटल्यावर

भाषण नको, हिशेब करा. समजा भांड्यांच्या द्रवाची ५०० मिलीची बाटली ३०० रुपयांची आहे आणि एका वेळी ५ मिली लागतं. म्हणजे १०० वेळा, एका वेळेचे ३ रुपये. त्यांचा साबण कितीचा आणि किती वेळा पुरतो, ते त्यांनाच सांगू द्या. २० रुपयांचा साबण १० वेळा पुरत असेल तर त्यांना २ रुपये पडतात. म्हणजे तुमची वस्तू महाग आहे, आणि तसंच म्हणा. मग साबणाने हात कोरडे पडतात का, भांड्यांवर पांढरे डाग राहतात का, हे विचारा. त्रास नसेल तर बाटली पिशवीत परत ठेवा. ज्या बाईसमोर मी बाटली परत ठेवली, तिने नंतर दुसरं काहीतरी स्वतःहून मागवल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

‘तू किती कमावतेस?’

हा प्रश्न येणारच. स्वतःची खरेदी, पेट्रोल आणि मीटिंगची तिकिटं वजा करून जो आकडा उरतो तोच सांगा. लीडरच्या चेकचा फोटो दाखवू नका, ती तुमची कमाई नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) अ‍ॅमवे या नेटवर्क मार्केटिंग कंपनीची रचना पिरॅमिड नाही असा निकाल दिला. त्यात बोनससाठी दर महिन्याला दहा वेगवेगळ्या किरकोळ ग्राहकांना विक्री करण्याचा कंपनीचा नियम महत्त्वाचा ठरला. त्याच निकालात कमाईचे फुगवलेले दावे करायला कंपनीला मनाईही झाली. दहा ग्राहकांचा तो नियम तुमच्या कंपनीत असो वा नसो, स्वतःला लावून घ्या. सामील न होता फक्त वस्तू घेणारी दहा घरं असली की बोलण्यातली घाई आपोआप जाते.

व्हॉट्सअ‍ॅप आणि हळदीकुंकू

कोणाला न विचारता ग्रुपमध्ये टाकू नका. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, त्यात एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणजे चाळणी आपोआप लागते. सुप्रभातच्या चित्रांऐवजी तुमच्या स्वतःच्या मोरीचा फोटो आणि खाली किंमत टाका.

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत छोटे पॅक वाण म्हणून चांगले खपतात. त्याची विचारणा डिसेंबरातच करा. दुसऱ्याच्या हळदीकुंकवाला जाऊन मात्र पत्रकं वाटायची नाहीत.

पाठपुरावा

‘विचार करून सांगते’ म्हणाल्या की विचारा, ‘मी पुढच्या शनिवारी फोन करू, की तुम्हीच कराल?’ जे उत्तर मिळेल ते पाळा.

नव्या जोडीदाराला शिकवताना

त्याचे पहिले फोन शेजारी बसून करून घ्या. तो अडखळला तरी फोन हातातून घेऊ नका. कंपनीने मंजूर न केलेली पत्रकं किंवा दुसऱ्या लीडरच्या क्लिप त्याला देऊ नका. प्रशिक्षणाचं साहित्य विकत घ्यायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, हेही त्याला पहिल्याच दिवशी सांगा. आणि मोठ्या सभेच्या तिकिटासाठी तो उसने पैसे काढायला निघाला, तर त्याला थांबवा आणि त्या रविवारी त्याच्याबरोबर दोन ग्राहकांच्या घरी जा.