पाकीट कसे निवडावे आणि कसे वापरावे

पाकीट घेताना बहुतेक जण चामडे, शिलाई आणि रंग पाहतात. माप मात्र क्वचितच कोणी पाहतो. सध्याची 500 रुपयांची नोट 150 मिलिमीटर लांब आणि 66 मिलिमीटर रुंद असते. म्हणून सोलापुरात नवी पेठेत पाकीट निवडताना अशी एक नोट आत सरकवून पाहावी. ती कडेबाहेर डोकावत असेल, तर ते पाकीट परत करावे, कारण नोटेची कड तिथेच दुमडत आणि फाटत जाते.

येथील उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि पँटच्या मागच्या खिशातील पाकीट घामाने ओलसर होते. रेक्झिनचे पापुद्रे सुटू लागतात. चामडे टिकते, पण ते भिजल्यास उन्हात न ठेवता सावलीत वाळवावे. शिवाय जाड पाकिटावर तासन्‌तास बसल्याने कंबर एका बाजूला कलते आणि पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाब येतो. पाकीट पुढच्या खिशात ठेवणे केव्हाही बरे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत तर मागचा खिसा म्हणजे खिसेकापूला दिलेले आमंत्रणच!

आतील मांडणी सवयीची असावी. दहा-वीसच्या नोटा पुढच्या कप्प्यात आणि मोठ्या नोटा मागच्या कप्प्यात ठेवल्या, म्हणजे रिक्षावाल्याला किंवा एसटीच्या कंडक्टरला सुटे देताना सगळी रोकड चारचौघांत उघडी पडत नाही. दुकानांच्या पावत्या आठवड्यातून एकदा काढून टाकाव्यात. हमीची पावती असल्यास तिचा फोटो काढून ठेवावा, कारण त्या कागदावरील अक्षरे उष्णतेने उडतात. मूळ आधार कार्ड रोज बाळगण्याची गरज नसते. वाहन परवाना डिजिलॉकरमधूनही दाखवता येतो. एटीएमचा पिन लिहिलेली चिठ्ठी मात्र पाकिटात कधीही नसावी. त्याऐवजी घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, म्हणजे एखाद्या प्रामाणिक माणसाच्या हाती पाकीट लागले, तर ते परत मिळण्याची शक्यता उरते.

पाकीट हरवल्यास आधी शोधाशोध करत न बसता कार्ड बंद करावे. टॅप करून चालणाऱ्या कार्डाने 5,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. त्यामुळे कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक टिपून ठेवावा. त्यानंतर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून तिची प्रत घ्यावी, कारण कागदपत्रांची दुय्यम प्रत काढताना ती मागितली जाऊ शकते.