ठाण्याच्या गच्चीवरून संगणकीय दुर्बीण वापरताना

संगणकीय दुर्बिणीच्या हॅण्ड कंट्रोलरमध्ये, म्हणजे हातात धरायच्या बटणांच्या यंत्रात, हजारो आकाशस्थ वस्तूंची यादी साठवलेली असते आणि नाव निवडताच दुर्बीण त्या दिशेला वळते. मात्र कॅमेऱ्याने स्वतः तारे ओळखणारी महागडी मॉडेल सोडली, तर तिला आकाश दिसत नसते. आपण सांगितलेले ठिकाण, सांगितलेली वेळ आणि दाखवलेले दोन तारे एवढ्यावरच ती सारे गणित करते. दुर्बीण भलतीकडे वळली की यंत्र बिघडले असे वाटते, पण बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एखादी गोष्ट चुकलेली असते.

गच्चीसाठी सोसायटीची परवानगी आधीच घ्यावी आणि शक्य झाल्यास तेवढ्या वेळापुरता तिथला दिवा बंद ठेवण्याची विनंती करावी. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते व त्या हवेतून पाहिलेला ग्रह पाण्याखाली ठेवल्यासारखा थरथरतो. म्हणून आठ वाजता गुरू अस्पष्ट दिसला तर निराश न होता दहानंतर पुन्हा पाहावे. तिपाई स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता खालच्या तुळईच्या किंवा खांबाच्या रेषेवर ठेवली, तर माणसांच्या चालण्याचे हादरे पुष्कळच कमी जाणवतात. दुर्बीण निरीक्षणापूर्वी किमान अर्धा तास उघड्यावर ठेवावी आणि तेवढ्या वेळात पाणपातळीने तिपाई समतल करून घ्यावी.

फाइंडर, म्हणजे नळीवर बसवलेले नेम धरण्याचे छोटे साधन, जुळवण्याचे काम सूर्य मावळल्यावर पण उजेड असताना उरकावे. दूरच्या मोबाइल टॉवरचे टोक २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) मध्यभागी आणावे व फाइंडरचा लाल ठिपका त्याच टोकावर आणून ठेवावा. सूर्य क्षितिजाच्या वर असेपर्यंत दुर्बीण त्याच्या जवळपासही फिरवू नये, कारण योग्य सौर फिल्टरशिवाय त्या एका क्षणात दृष्टी कायमची जाऊ शकते.

आता माहिती भरण्याविषयी, आणि इथे घाई मुळीच करू नये. ठाणे शहर साधारण १९ अंश १२ कला उत्तर अक्षांशावर आणि ७२ अंश ५८ कला पूर्व रेखांशावर आहे. मोबाइल हेच आकडे दशांशात, म्हणजे १९.२० आणि ७२.९७ असे दाखवतो. कंट्रोलर अंश व कला मागत असताना १९.२० पाहून १९ अंश २० कला भरणे ही नेहमीची चूक आहे. दशांशातल्या भागाला ६० ने गुणले की कला मिळतात. रेखांशापुढे ‘पूर्व’ निवडले आहे ना, हे दोनदा पाहावे, कारण तिथे ‘पश्चिम’ राहिले तर यंत्राच्या हिशेबी आपली गच्ची हैती देशाजवळच्या समुद्रात जाते. कालविभाग अधिक ५:३० असा भरावा व उन्हाळी वेळेच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर द्यावे. पुष्कळ कंट्रोलर आधी महिना व मग दिवस अशा अमेरिकी पद्धतीने तारीख घेतात. ५ मार्चची ३ मे झाली की आकाश सुमारे ६० अंशांनी सरकते आणि डोक्यावरचा तारा पश्चिमेला बराच खाली उतरल्याचे यंत्र सांगू लागते. वेळेत एका तासाची चूक झाली, तर पहिल्या ताऱ्याकडे वळतानाच सुमारे १५ अंशांचा फरक पडतो.

दोन ताऱ्यांची अलाइनमेंट, म्हणजे ओळखीचे दोन तारे दाखवून यंत्राला दिशा समजावणे, हा या कामाचा गाभा आहे. कंट्रोलरवर नावे पाश्चात्त्य असतात, त्यामुळे आपल्या नावांशी त्यांची सांगड घालून ठेवावी: व्याध म्हणजे सिरियस, ब्रह्महृदय म्हणजे कॅपेला, स्वाती म्हणजे आर्क्टुरस, अभिजित म्हणजे व्हेगा, ज्येष्ठा म्हणजे अँटारेस. तारे एकमेकांपासून दूर असावेत, पण क्षितिजालगत किंवा अगदी माथ्यावर नसावेत. फेब्रुवारीत रात्री आठला ब्रह्महृदय आणि व्याध, एप्रिलअखेर नऊला पूर्वेचा स्वाती आणि पश्चिमेचा व्याध, नोव्हेंबरच्या मध्यास साडेसातला वायव्येचा अभिजित आणि दक्षिणेचा फोमलहॉट या जोड्या सोयीच्या आहेत. अगस्त्य कितीही तेजस्वी असला तरी ठाण्यातून तो जास्तीत जास्त १८ अंशांपर्यंतच वर येतो व धुरकट हवेत सापडतो, म्हणून तो टाळावा. लालसर मंगळाला ज्येष्ठा समजण्याची चूक तर फार जुनी आहे. अँटारेस या ग्रीक नावाचा अर्थच मंगळाचा प्रतिस्पर्धी असा होतो. तारा आधी २५ मिलिमीटरच्या आणि मग १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने मध्यावर आणावा. शेवटची हालचाल नेहमी ‘वर’ व ‘उजवीकडे’ याच बटणांनी करावी, म्हणजे दातेरी चाकांतली ढिलाई दर वेळी एकाच बाजूला राहते.

ध्रुवतारा इथून जेमतेम १९ अंशांवर असतो व घोडबंदर रस्त्याच्या बाजूच्या उंच मनोऱ्यांमागे सहज झाकला जातो. त्यामुळे नव्याने दुर्बीण घेणाऱ्याने ध्रुवताऱ्याच्या दिशेने जुळवावे लागणारे विषुववृत्तीय माउंट (दुर्बीण धरून फिरवणारी बैठक) न घेता दोन ताऱ्यांवर चालणारे, वर-खाली व डावी-उजवीकडे फिरणारे साधे आल्ट-अझिमथ माउंट घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. विजेसाठी पेन्सिल सेलवर अवलंबून राहू नये. दाब उतरू लागला की मोटर वेडीवाकडी चालते आणि आपण अलाइनमेंटला दोष देत बसतो. १२ व्होल्टचा बॅटरी पॅक ही खरी गरज आहे.

एवढे झाल्यावर चंद्र, गुरूचे चार मोठे चंद्र, शनीची कडी आणि मृगातला तेजोमेघ शहराच्या उजेडातही चांगले दिसतात. देवयानी दीर्घिकेचा केवळ धूसर गाभा दिसेल. तिच्यासाठी वांगणी किंवा त्यापलीकडचे अंधारे आकाश गाठावे.

खाडीकाठच्या दमट हवेत भिंगावर दव बसले तर ते पुसू नये. घरात आणून दुर्बीण किंचित खाली झुकवून, उघडी ठेवून पूर्ण वाळू द्यावी आणि मगच झाकण लावावे, कारण ओलावा कोंडला गेला की बुरशी भिंगावरचा लेप कायमचा खराब करते. जून ते सप्टेंबर दुर्बीण पेटीत सिलिका जेलसह ठेवावी, जेल महिन्यातून एकदा गरम करून वाळवावे आणि बॅटरी पॅकही अधूनमधून चार्ज करत राहावे.